तीन वाजून अकरा मिनिटांचा टोल

अंबरनाथ (पश्चिम)
९ जानेवारी २००५

माया,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र. मुद्द्याचंच लिहिते.

वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या प्रती संपल्या. दुसरी आवृत्ती निघते आहे. तीत माझ्या 'अंबरनाथचे जुने कारखाने' या लेखासोबत दुरुस्तीची एक चिठ्ठी लावावी असं मी ठरवलं आहे. दुरुस्ती तुझ्या वडिलांबद्दलची आहे. लावण्याआधी तू वाचावीस. तुला ठाऊक असलेलंही पुन्हा लिहिते, कारण वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नसणार.

डिसेंबर १९४८मध्ये काचेच्या कंपनीत, जिथे बाटल्या गवतात बांधल्या जात त्या शेडला दुपारी आग लागली. दोन बायका गेल्या. किसनबाबा तिथे टोलवाले होते. टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तासाचे टोल द्यायचे, आणि काही घडलं तर न थांबता वाजवत राहायचं, हे त्यांचं काम. चौकशीच्या कागदांत दोन वेळा आहेत. कंपनीच्या फाटकावरच्या वहीत 'आग दिसली, ३ वाजून ८ मिनिटे.' स्टेशनातल्या नोंदवहीत 'कंपनीचा टोल ऐकू आला, कल्याणला तार केली, ३ वाजून ५० मिनिटे.' मी वजाबाकी केली आणि लिहिलं की टोलवाल्याने बेचाळीस मिनिटं उशीर केला. नावासकट लिहिलं.

नुकतंच माझ्या लक्षात आलं की ही दोन घड्याळं एक वेळ दाखवत नव्हती. स्टेशनचं घड्याळ सरकारी प्रमाणवेळेचं होतं. कंपनीचे मालक मुंबईचे, त्यांचं घड्याळ जुन्या मुंबई वेळेचं, म्हणजे एकोणचाळीस मिनिटं मागे. स्टेशनात ३.५० झाले तेव्हा कंपनीत ३.११ झाले होते. म्हणजे उशीर तीन मिनिटांचा. पळत जाऊन हातोडा उचलायला तेवढी लागणारच.

मसुदा असा: 'पान ४१वरील मजकुरात घड्याळांतील फरकामुळे अनवधानाने काही विसंगती राहून गेली आहे. वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.'

काही बदल हवा असल्यास महिनाअखेरपर्यंत कळव. बाबांना नमस्कार सांग.

सुनेत्रा


अंबरनाथ (पश्चिम)
२३ जानेवारी

माया,

तुझं कार्ड मिळालं. साडेआठ महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. 'तुला हे कधी कळलं, तेवढं लिही.' बाकी कार्ड कोरं. सव्वीस वर्षं एका शिक्षकखोलीत शेजारी बसलो, तुझी ही सवय मला माहीत आहे. फळ्यावर उदाहरण लिहायचं, खडू ठेवायचा आणि वर्गाकडे पाठ करून खिडकीपाशी उभं राहायचं.

लिहिते. पण आधी ही गोष्ट नीट समजायला हवी.

१ जानेवारी १९०६ला इंग्रज सरकारने देशभर एक वेळ लावली. त्याआधी आगगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत आणि गावं आपापल्या सूर्यावर. मुंबईने नवी वेळ मानली नाही. सभा झाल्या, गिरण्यांतले कामगार काम टाकून बाहेर आले. हिशेब साधा होता. घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे केलं की माणसाला तितक्या अंधारात घरातून निघावं लागतं. महापालिकेने जुनी वेळ सोडली नाही, पुष्कळ कारखान्यांनीही नाही. स्वातंत्र्य आलं तरी एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या, आणि माणसं रोज मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करून जगत होती. कुणाला त्यात विशेष वाटत नव्हतं. म्हणूनच कुणी ते कागदावर लिहून ठेवलं नाही.

हे मी का सांगते आहे? कारण मी भूगोल शिकवला. एका रेखांशाला चार मिनिटं. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची, मुंबई पावणेदहा अंश पश्चिमेला. पावणेदहा गुणिले चार. हे उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर सोडवलं आहे. पोरींनी उत्तर चुकवलं तर उभं केलं आहे.

आणि किसनबाबांचं घड्याळ मी पाहिलं होतं. तुझ्या यशोधराचा पहिला वाढदिवस, शेजारच्या निर्वासित वसाहतीत, कॅम्प चारमधली तुमची जुनी खोली. फळीवर गजराचं घड्याळ होतं. पाच वाजत आले होते आणि ते चार वीस दाखवत होतं. मी उठले, ते हातात घेतलं, माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवलं आणि परत ठेवलं. कुणाला विचारलं नाही. बाबा म्हणाले, "असू द्या बाई, ते बरोबर आहे." मी म्हणाले, "बाबा, बरोबर एकच असतं." सगळे हसले. तूही हसलीस. दुसऱ्या दिवशी शाळेत म्हणालीस, "तू गेलीस आणि बाबांनी पहिलं काम काय केलं माहितीये? काटे होते तिथे आणून ठेवले. आमच्याकडे ते कंपनीच्या वेळेवरच चालतं, आम्ही मनात मिळवून घेतो." तेव्हा मीही हसले. टोल उशिरा दिला म्हणून कंपनीने त्यांना काढलं, त्याला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. का, हे मी विचारलं नाही.

तू विचारतेस कधी कळलं. गेल्या महिन्यात, जुने कागद लावताना.

सुनेत्रा


अंबरनाथ (पश्चिम)
३० जानेवारी

माया,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे.

मला ९ मे २००४ला कळलं. रविवार होता. त्या सकाळी वाचनालयाच्या बैठकीत तू स्मरणिका हातात घेऊन आलीस. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणालीस, "सुनेत्रा, बाबा म्हणतात, कंपनीचं आणि स्टेशनचं घड्याळ एक नव्हतं. तू एकदा त्यांना येऊन विचार." मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "माया, तू गणिताची बाई. म्हातारा माणूस स्वतःला निर्दोषच म्हणणार. कागद खोटं बोलत नाहीत." आपले अध्यक्ष कमळाकर हसले. तू स्मरणिका टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. चप्पल घालताना तू दार धरून उभी होतीस. मी बघत होते आणि उठले नाही.

वाचनालयापासून माझं घर किती लांब आहे? सात मिनिटं. गिरणीच्या वळणापर्यंतही पोचले नसेन, माझ्या डोक्यात पावणेदहा गुणिले चार सुटलं होतं. उत्तर येऊ नये म्हणून मी भराभर चालले. असं कधी होतं का?

घरी आले आणि मामंजींची पेटी उघडली. आता ते लिहिते, जे पहिल्या पत्रात 'स्टेशनातली नोंदवही' म्हणून झाकलं. ती नोंद करणारा तारबाबू म्हणजे माझे सासरे, विष्णुपंत. ते रेल्वेत होते एवढं तुला माहीत आहे. कल्याणला तार त्यांनी केली. चौकशीत साक्षही त्यांची झाली. ते रोजनिशी लिहीत. आगीच्या दिवशीची ओळ: 'कंपनीचा टोल ३.५०, कं. घ. ३९ मि. मागे.' आणि पुढे सोळा दिवसांनी: 'साक्ष झाली. घड्याळाचे कुणी विचारले नाही. मी सांगितले नाही.'

एवढंच. का नाही सांगितलं, ते नाही. मामंजी कडक होते, खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. मला त्यांनी सून म्हणून नव्हे, विद्यार्थिनी म्हणून वागवलं. लग्नानंतर बी.ए.ची परीक्षा द्यायला त्यांनीच बसवलं. ती ओळ मी तीनदा वाचली, रोजनिशी पेटीत ठेवली आणि कुकर लावला.

त्यानंतर नऊ महिने होत आले. ऑक्टोबरात एका संस्थेने त्या लेखाला स्थानिक इतिहासाचं पारितोषिक दिलं. मी गेले. शाल अंगावर घेतली. भाषणात म्हणाले, "इतिहासात पुराव्याला पर्याय नाही." टाळ्या पडल्या.

आणखी एक आहे. ते न लिहिता पत्र बंद केलं तर पुन्हा खोटंच होईल. डिसेंबरात आपल्या शाळेतला मधू शिपाई बाजारात भेटला. म्हणाला, "बाई, मायाबाईंच्या वडिलांना ॲडमिट केलंय. हार्टचं आहे म्हणतात." मी "अरे अरे" म्हटलं. पण त्याआधी, तोंड उघडण्याच्याही आधी, माझ्या मनात आलं की आता हे मिटेल.

ते बरे होऊन घरी आले हे कळलं तेव्हा मी पहिल्या पत्राला बसले. 'अनवधानाने काही विसंगती.' चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या निबंधांत असल्या वाक्यांखाली मी लाल रेघ मारली.

सुनेत्रा


अंबरनाथ (पश्चिम)
१३ फेब्रुवारी

माया,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. काय चाललं आहे ते कळवते.

नवा मसुदा घेऊन कमळाकरांकडे गेले. त्यात सगळं लिहिलं होतं: घड्याळं, मामंजींची नोंद, आणि मला कधीपासून माहीत होतं ते. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढला.

"बाई, कशाला उकरून काढता? साठ वर्षं होत आली."

"छप्पन्न."

"तेच ते. घड्याळाचं छापू ना. टोलवाल्याची चूक नव्हती, एक लाइन, संपला विषय. ही शेवटची ओळ काढा फक्त. 'लेखिकेला हे माहीत होते.' असं कोण छापतं? लोक तुम्हाला हसतील, आणि तुमच्याबरोबर आम्हाला."

"हसू देत."

"तुमच्या सासऱ्यांचं तरी काढा. मोठा माणूस. आमच्या बापाला त्यांनी सही करायला शिकवली, स्टेशनच्या बाकड्यावर बसवून. शेतातून उठून जायचा तो. त्यांचं नाव असं यायचं?"

"किसनबाबांचं कसं आलं?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग हळूच म्हणाले, "ते तुम्हीच आणलंत, बाई." खरं होतं. म्हणाले, समितीपुढे ठेवतो.

घरी ह्यांना वाचायला दिलं. ह्यांनी मसुदा घडी घालून परत दिला. म्हणाले, "बाबा आता उत्तर द्यायला नाहीत." मी म्हणाले, "ज्यांना उत्तर मिळायला हवं होतं ते आहेत." तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर मीठ मागण्यापुरतं बोलणं आहे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुझ्या घरी गेली छप्पन्न वर्षं काय होतं, त्याचा एक चमचा माझ्या ताटात आला, इतकंच.

काल एक लक्षात आलं. मी समितीशी भांडते, ह्यांच्याशी भांडते, तुला पत्रं लिहिते. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्याकडे अजून गेलेली नाही. तू म्हणाली होतीस, एकदा येऊन विचार. लेख लिहिला तेव्हा तुम्ही कॅम्प चारलाच होतात, रिक्षाने पंधरा मिनिटांवर.

सुनेत्रा


अंबरनाथ (पश्चिम)
२४ फेब्रुवारी

माया,

यशोधराने सांगितलंच असेल. तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

आज मी बदलापूरला तुमच्या नव्या घरी आले होते. गुरुवारी तू पाचपर्यंत शाळेत असतेस हे मला माहीत होतं. म्हणूनच गुरुवार निवडला. बाबांसमोर उभं राहायची तयारी केली होती, दोघांसमोर एकदम उभं राहायची नव्हती.

दार यशोधराने उघडलं. मला न्याहाळून आत हाक दिली, "आजोबा, घड्याळवाल्या बाई आल्यात." तुमच्या घरात माझं हे नाव आहे हे आज कळलं. मग हळू आवाजात मला म्हणाली, "मम्मीला पता आहे का, तुम्ही येणार ते?" नाही म्हटलं. तिने क्षणभर विचार केला आणि पंखा लावला.

बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. किती बारीक झालेत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. क्रमाने, काही न गाळता: लेख, बैठक, पेटी, शाल, आणि मधू भेटला तेव्हा मनात आलं तेही. ते ऐकत होते. मला वाटलं रागावतील. थोडं वाटलं की माफही करतील. दोन्हीची तयारी मी करून गेले होते.

ते म्हणाले, "बसा. त्या दोघींचं काय लिहिलं तुम्ही?"

मला कळेना.

"पुस्तकात. नातीनं वाचून दाखवलं. माझं नाव आहे. मालकाचं आहे. त्या दोघींचं काय आहे?"

माया, माझ्या लेखात 'दोन स्त्री कामगार' आहे. नावं चौकशीच्या कागदांत होती. मी घेतली नव्हती. वाक्य लांबत होतं.

"गंगू आणि चिमी," बाबा म्हणाले. "गंगू आमच्या वस्तीतली. चिमी इकडची, खाडीकडची, मिठागरावरून आलेली. सतरा-अठराची आसंल. टोल मी दिला, बाई. हात फुटंस्तोवर दिला. टोल ऐकून मानसं धावली पन. पर शेडच्या मागच्या दाराला भायेरनं कुलूप व्हतं. बाया बाटल्या नेतात म्हनून घालायचे. चावी साहेबाकडं, साहेब जेवायला. हे लिहिलं का तुम्ही?"

लिहिलं नव्हतं. कागदांत अर्धी ओळ होती: 'मागील द्वार बंद असल्याचे आढळले.' बेचाळीस मिनिटं सापडल्यावर मला त्या अर्ध्या ओळीची गरज उरली नाही. कंपनीलाही उरली नसणार. टोल उशिरा झाला म्हटलं की कुलपाबद्दल कोण विचारतो? छप्पन्न वर्षांपूर्वी त्यांनी जे मुद्दाम केलं, ते मी फुकट, शुद्धलेखन तपासून पुन्हा केलं.

यशोधराने पाणी आणलं. ग्लास घेताना टीव्हीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तेच गजराचं. सवयीने मी मनगटाकडे पाहिलं. दोन वीस. तिथेही दोन वीस.

"हे कुणी जुळवलं?" मी विचारलं.

"आजोबांनीच," यशोधरा म्हणाली. "मागच्या साली, तुमचं पुस्तक आलं ना, तेव्हा. मी बोलले, क्या हुआ आजोबा? तर बोलले, आता एकट्यानं किती दिवस चालवू."

मी ग्लास खाली ठेवला. मग बाबांना विचारलं, "मागे घेऊ का?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, "घ्या. तुम्हीच पुढं केलं व्हतं." मी मागची चावी धरली तर लगेच म्हणाले, "उलटं नका फिरवू. जुनं हाय, बिघडंल. पुढनं आना."

चिठ्ठीचा मजकूर आधी देते, तो महत्त्वाचा. समितीने दोन ओळी गाळायला सांगितल्या, तेव्हा चिठ्ठी मी स्वतः छापून घेते आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या चारशे प्रतींत मी बसून चिकटवणार. चिकटवू देणार नसतील तर दुसऱ्या आवृत्तीतून माझा लेख काढून घेईन, हे कमळाकरांना लेखी दिलं आहे. पहिल्या आवृत्तीच्या प्रती ज्यांच्याकडे गेल्या त्यांची यादी वाचनालयात आहे, त्यांच्याकडे मी चालत जाईन.

'पान ४१वर मी लिहिलेले चूक आहे. काचेच्या कंपनीत आग ३ वाजून ८ मिनिटांनी दिसली आणि किसन यांनी ३ वाजून ११ मिनिटांनी टोल दिला. दोन्ही वेळा कंपनीच्या घड्याळाच्या. स्टेशनचे घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे होते. हे साक्षीच्या दिवशी तारबाबू विष्णुपंत यांना माहीत होते. मला ९ मे २००४पासून माहीत होते. शेडच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते. आत गंगू आणि चिमी होत्या. – सुनेत्रा'

एक शब्दही खटकला तर कापून पाठव. नाही पाठवलंस तरी मंगळवारी छपाईला जाईल.

आता घड्याळाचं. एकोणचाळीस मिनिटं मागे यायचं तर पुढून अकरा तास एकवीस मिनिटं फिरवावं लागतं. चावी लहान, माझी बोटं संधिवाताची. तीन, चार. पाचावर गजर वाजला. मी दचकले, थांबले. बाबा म्हणाले, "वाजू द्या." तो पुरता उतरेपर्यंत आम्ही तिघं बसून राहिलो. मग सहा, सात, आठ. यशोधरा पुढे झाली, "द्या, मी करते." बाबांनी तिला हाताने थांबवलं. बारा झाले, एक झाला. ते काट्यावरची नजर काढत नव्हते. एक वाजून एक्केचाळीस मिनिटांवर त्यांनी बोट उचललं.

"बस, बाई."

सुनेत्रा